आमच्या डब्याला कोण विचारतंय?

माझं आडनाव जोशी आहे, यात माझा काही दोष नाही. ते वडिलांकडून आलं, त्यांना त्यांच्या वडिलांकडून. शिवाय पुण्यात जोशी हे नाव सांगितल्यानं माणसाची ओळख पटत नाही, नुसती गर्दी होते. तरीसुद्धा गेली तीस-पस्तीस वर्षं या नावापायी मला जे ऐकून घ्यावं लागलं आहे, त्याचा एकदा हिशेब करावा म्हणून लिहायला बसलो आहे. लेख भांडणाचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. विनोदी लेखांच्या पुस्तकात भांडण कशाला, असं कुणी विचारील. पण आमच्या पेठेत या दोन गोष्टी वेगळ्या कधी मानल्याच नाहीत.

माझं भांडण दोन वाक्यांशी आहे. पहिलं वाक्य, "आमच्या डब्याला कोण विचारतंय?" आणि दुसरं, "अहो, तो निरुपद्रवी व्हायरस होता."

पहिलं वाक्य आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं. त्यांना लहानथोर सगळे नाना म्हणतात. नाना बँकेतून रिटायर झालेले, स्वभावानं सज्जन, आणि हिशेबाला इतके पक्के की मेंटेनन्सच्या पावतीवर स्टॅपलरची पिन मारताना सुद्धा त्यांचा जीव थोडा दुखतो. सोसायटीनं आठ कॅमेरे बसवले आणि त्यांचं चित्रण साठवणारा एक काळा डबा वॉचमनच्या खोलीत, पाण्याच्या पंपाच्या स्टार्टरवर फळी ठोकून ठेवला. शेजारी गणपतीची तसबीर आहे. वॉचमन रोज सकाळी तसबिरीला हार घालतो आणि उरलेलं झेंडूचं एक फूल डब्याला वाहतो. डब्याची देखभाल म्हणाल तर एवढीच. कॅमेरे बसवायला आलेल्या पोरानं डब्याचा पासवर्ड समोरच्या भिंतीवर बॉलपेननं लिहून ठेवला होता. कारखान्यातून जो आला तोच. एक ते सहा आकडे, ओळीनं. माझ्या नातवाला ज्या दिवशी मोजता यायला लागलं त्या दिवसापासून त्याला आमच्या सोसायटीचा पासवर्ड येतो.

हा पासवर्ड बदला, एवढाच माझा विषय होता. वार्षिक सभेत तो "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" या सदरात आला. ज्यांनी सोसायटीच्या सभा पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक असेल की हे सदर यायला आणि बटाटेवडे यायला एकच गाठ पडते. निम्मी सभा चटणीकडे बघत असताना मी उभा राहिलो आणि डब्यात व्हायरस शिरू शकतो असं म्हणालो.

"जोशी," नाना म्हणाले, "आपल्या कॅमेऱ्यात दिसतं काय? गेट, टँकर, आणि तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं. हे बघायला परदेशातून कोण येणार आहे? आमच्या डब्याला कोण विचारतंय?"

सभा हसली. नाना रंगात आले. म्हणाले, "माझ्या घरचा कॉम्प्युटर बघा. एक्सपी आहे. मुलानं अमेरिकेला जाताना दिलेला. वीस वर्षांत त्याला साधी सर्दी झाली नाही. व्हायरसवाले नव्या मॉडेलांच्या मागं असतात. म्हाताऱ्याच्या खिशात कोण हात घालतो? आणि जोशी, व्हायरसबद्दल तुम्ही तरी बोलू नका. तुमच्याच कुळातला तो!"

यावर सभा जी हसली ती वडे संपेपर्यंत हसत होती. विषय पुढल्या बैठकीवर गेला.

आता दुसऱ्या वाक्याचा मालक. हा माझा भाचा. बंगळूरला संगणकाच्या कंपनीत आहे आणि पगाराचा बराचसा भाग जुनी यंत्रं गोळा करण्यात घालवतो. लोक जुने अडकित्ते जमवतात, हा जुने कॉम्प्युटर जमवतो. त्याच्याकडे कमोडोर कंपनीचा अमिगा आहे, अटारी आहे, एक मॅकिंटॉश आहे, आणि दोन पत्र्याचे डबे भरून फ्लॉप्या आहेत. बायको बोलते, पण ऐकायला तो खोलीत नसतो, १९८७ सालात असतो. मी गेलो की तो मला यंत्रं दाखवत नाही, व्हायरस दाखवतो. २०१६ साली इंटरनेट आर्काइव्हनं जुन्या व्हायरसांचं एक म्युझियम उघडलं, दात काढलेल्या सापांसारखे निर्विष करून, त्याच्यासमोर तर तो देवळात बसावा तसा बसतो. "मामा, काय गोड होते रे हे! कुणी कविता दाखवतोय, कुणी चित्र काढतोय. कुणाचं काही वाईट केलं नाही. तुझा जोशीसुद्धा बघ. नुसता वाढदिवस मागायचा."

नाना आणि हा भाचा एकमेकांना ओळखत नाहीत. पण माझ्या मते दोघांचा आजार एकच आहे.

आधी नानांचं बघू. ज्याला कुणी विचारत नाही त्याला व्हायरस लागत नाही, हे त्यांचं म्हणणं. आता व्हायरसांची कुंडलीच मांडायची तर ती १९८२ सालापासून मांडावी लागते. संगणकाच्या बाबतीत हा शब्दसुद्धा तेव्हा रूढ झालेला नव्हता. अमेरिकेत रिच स्क्रेंटा नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. घरी ॲपल-टू नावाचं यंत्र. मित्रांना खेळांच्या फ्लॉप्या द्यायचा, पण त्यात काहीतरी खोड्या करून ठेवायचा. मित्र शहाणे झाले, याचा हात फ्लॉपीला लागू देईनात. तेव्हा हात न लावता खोडी कशी काढावी या विवंचनेतून त्यानं 'एल्क क्लोनर' लिहिला. फ्लॉपीवरून यंत्र सुरू झालं की हा यंत्राच्या स्मृतीत जाऊन बसे, आणि नंतर जी नवी फ्लॉपी आत जाईल तिच्यावर आपली प्रत उतरवी. पन्नासाव्या वेळी पडद्यावर एक कविता येई. आपल्याकडे कवितेला श्रोता मिळवायचा तर चहा पाजावा लागतो. या पोरानं ती सोय काढून टाकली.

आता सांगा, या मुलानं ॲपल-टू का निवडला? त्यात खजिना होता म्हणून? त्याच्या टेबलावर दुसरं यंत्र नव्हतं म्हणून! चोर घर निवडतो ते आत काय आहे हे बघून निवडतो, असा आपला समज असतो. व्हायरस करणारा पोरगा आपल्याजवळ काय आहे ते बघतो. अमिगाचंही तसंच. युरोपातली पोरं त्यावर मुख्यतः खेळ खेळत. १९८७ साली स्वित्झर्लंडमधल्या एका टोळीनं त्यावर 'एससीए' नावाचा व्हायरस सोडला. तो अधूनमधून पडद्यावर तुमचं यंत्र जिवंत झालं आहे अशी आनंदाची बातमी देई. अटारीवर एक 'घोस्ट' नावाचा होता, तो उंदीर उलटा करी. म्हणजे उंदीर वर सरकवला की पडद्यावरचा बाण खाली जाई. (आमच्या कचेरीत वर पाठवलेला कागद नेहमीच खाली येत असे, त्यामुळे आम्हांला तो व्हायरस ओळखता आला नसता.) २००७ साली तर टीआय-८९ या गणकयंत्रासाठी कुणीतरी व्हायरस लिहून दाखवला. गणकयंत्र! ज्याच्यावर पोरं लॉगरिदमची गणितं करतात ते! त्याला कोण विचारत होतं?

मोबाइलचीही तीच गत. २००४ साली जूनमध्ये 'कबीर' नावाचा किडा निघाला. नाव ऐकून मला बरं वाटलं होतं, पण हा दोहे म्हणत नव्हता. नोकियाच्या काही फोनांत ब्लूटूथवरून तो एका खिशातून दुसऱ्या खिशात जायचा. गंमत म्हणजे तो चोरून शिरत नसे. येऊ का, असं रीतसर विचारी. नाही म्हटलं की पुन्हा विचारी. पुन्हा नाही म्हटलं की पुन्हा. शेवटी माणूस कंटाळून हो म्हणे. आमच्याकडे विम्याचे एजंट याच पद्धतीनं काम करतात आणि त्यांना लाखाची पॉलिसी मिळते. २००५ साली हेलसिंकीला ॲथलेटिक्सच्या जागतिक स्पर्धा चालू असताना भरल्या स्टेडियममध्ये हा कबीर पसरला. शेजारीशेजारी बसलेले हजारो लोक आणि प्रत्येकाच्या खिशात फोन, त्याला अजून काय हवं?

आता कुळाकडे येतो.

१९८६ साली लाहोरमध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी 'ब्रेन' लिहिला. आयबीएमच्या पीसीवर पसरलेला हा पहिला. त्यात त्यांनी आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातले होते. आपलं वैद्यकीय सॉफ्टवेअर लोक फुकट उतरवून घेतात म्हणून हे केलं, असं त्यांचं म्हणणं. मिक्को हिप्पोनेन नावाचे फिनलंडचे एक तज्ज्ञ २०११ साली व्हायरसातला तो पत्ता घेऊन लाहोरला गेले, तर दोघे भाऊ तिथंच! आमच्याकडे दिलेल्या पत्त्यावर गॅसचा सिलिंडर पोचत नाही. आणि जाता जाता सांगून टाकतो, पुण्यातही पुढं १९९०च्या दशकात दोन भाऊ निघाले, कैलास आणि संजय काटकर. थोरला आधी गणकयंत्रं दुरुस्त करायचा. त्यांनी व्हायरस मारायचं सॉफ्टवेअर काढलं, तेच 'क्विक हील'. तिकडच्या भावांनी रोग काढला आणि इकडच्यांनी औषध, असं मी म्हटलं की भाचा म्हणतो, मामा, इतिहास इतका सोपा नसतो. नसेल. पण सांगायला बरं वाटतं.

या दोन्हींच्या मधे, १९९० साली, आपल्या भारतात एक व्हायरस सापडला. त्याचं नाव 'जोशी'.

कुणी लिहिला ते मला विचारू नका. सगळे विचारतात म्हणून सांगतो, मी नाही. हा जोशी हार्डडिस्कच्या पहिल्याच पानावर बसायचा. एरवी गप्प. पाच जानेवारी उजाडली की यंत्र अडून बसे आणि पडद्यावर फर्मान येई की 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. केलं की यंत्र मुकाट्यानं चालू. त्या काळी यंत्र अडलं की तीन कळा एकदम दाबून ते पुन्हा सुरू करायची पद्धत होती. हा पठ्ठ्या त्यालाही दाद देत नसे, स्मृतीत तसाच चिकटून राही.

मी ज्या कचेरीत होतो तिचं नाव सांगत नाही. पेन्शन त्यांच्याकडून येतं. तिथं दोन कॉम्प्युटर होते, वातानुकूलित खोलीत, चपला बाहेर काढून आत जायचं. पाच जानेवारी १९९१ हा शनिवार होता. महिन्याचा पहिला, म्हणजे कामाचा. सकाळी साहेबांनी स्वतः यंत्र चालू केलं, कारण महिन्याचा कसला तरी तक्ता मुंबईला जायचा होता. पडद्यावर फर्मान आलं. बारा वर्षांत या साहेबांनी मला कधी नमस्काराला मान हलवून उत्तर दिलं नव्हतं. त्यांना त्या दिवशी मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना. त्यातून 'बर्थडे' या शब्दाचं स्पेलिंग त्यांचं दोनदा चुकलं. यंत्र म्हणालं, पुन्हा.

दुपारी मला मेमो आला. "आपल्या वाढदिवसानिमित्त कचेरीच्या यंत्रसामग्रीचा वापर का केला याचा तीन दिवसांत खुलासा करावा." मी खुलासा केला की माझी जन्मतारीख एक जून आहे. त्यावर शेरा आला की कचेरीतल्या एकोणीस जणांची जन्मतारीख एक जूनच आहे, सबब हा पुरावा ग्राह्य धरता येत नाही. हे मात्र खरं होतं. आमच्या पिढीतली निम्मी मुलं शाळेत नाव घालणाऱ्या गुरुजींनी एक जूनला जन्माला घातलेली आहेत. मग आईला पत्र लिहून विचारलं. तिनं कळवलं, श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, पाऊस फार होता. हे पत्र मी खुलाशाला जोडलं. अजूनही ते माझ्या फायलीत असेल, फाइल असली तर.

इथवर भाचा नेहमी पोट धरून हसतो. मीही सांगताना हसवतच सांगतो. पुढचं मी त्याला परवापर्यंत सांगितलं नव्हतं.

सोमवारी, यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा एक मनुष्य आला. टाय लावलेला, हातात फ्लॉप्यांची पेटी. त्यानं यंत्र तपासलं, आमच्या सगळ्या फ्लॉप्या तपासल्या, आणि सगळीकडे जोशी आहे असं जाहीर केलं. त्या मोठ्या, लवचिक फ्लॉप्यांच्या कडेला एक खाच असे. तिच्यावर चंदेरी कागदाचा तुकडा चिकटवला की त्या फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे, जोशालासुद्धा नाही. त्या काळातली लस म्हणा. ते चंदेरी कागद फ्लॉप्यांच्या खोक्यातच यायचे. आम्ही ते दसऱ्याला झेंडूच्या माळांत चिकटवले होते.

टायवाल्यानं उपाय सांगितला, सगळं पुसायचं. यंत्रही आणि फ्लॉप्याही. साहेबांनी सही केली. व्हायरस पहिल्या पानावर होता, तेवढंच पान नीट करून भागण्यासारखं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी भाच्यानंच समजावलं. त्या दिवशी त्या खोलीत हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्याला विचारायचं तोच टाय लावून पुसत होता. संध्याकाळी यंत्र स्वच्छ झालं.

आमच्या कचेरीत एक शिपाई होते, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. बत्तीस वर्षांची नोकरी आणि एकतीस जानेवारीला रिटायर व्हायचे होते. रजा कधी घेतलीच नाही म्हटलं तरी चालेल. साठलेली २४० दिवसांची रजा, तिचे रोख पैसे मिळायचे. त्यांच्या हिशेबी तेच मोठं घबाड. त्या पैशांच्या जोरावर त्यांनी चिंचवडच्या पुढं दोन खोल्यांचा बयाणा देऊन ठेवला होता. सगळ्यांच्या रजेचा हिशेब आदल्याच वर्षी कॉम्प्युटरवर चढवला होता. चढवला मीच. टाइप करायला मला येत होतं म्हणून. आणि एकदा तो चढल्यावर जुनी रजिस्टरं जागा अडवतात म्हणून रद्दीत गेली होती.

मग सुरू झाली चौकशी. रजा घेतली नाही याचा पुरावा आणा, असं अण्णांना सांगण्यात आलं. घेतलेल्या रजेचा अर्ज असतो. न घेतलेल्या रजेचा कागद कुठून आणायचा? अण्णा दर मंगळवारी यायचे. माझ्या टेबलाशी उभे राहायचे, मी बसा म्हटलं तरी बसत नसत, सवय नव्हती. एकदा म्हणाले, "साहेब, बत्तीस वर्षं मी रजा घेतली नाही. तुमच्या नावाच्या त्या किड्यानं एका दिवसात सगळी घेतली की हो." ते हसून म्हणाले. मलाही हसावं लागलं. हजेरीच्या जुन्या मस्टरांवरून, पगारपत्रकांच्या कार्बन कॉप्यांवरून मी आणि आणखी एका कारकुनानं तो हिशेब पुन्हा जुळवला, त्याला चौदा महिने लागले. पैसे मिळाले. पण बयाण्याची मुदत केव्हाच टळली होती आणि खोल्या दुसऱ्याला गेल्या होत्या.

तेव्हा हा निरुपद्रवी व्हायरस. त्यानं एक अक्षर पुसलं नाही, कबूल. शपथेवर सांगतो. अमिगावरच्या त्या स्विस व्हायरसानंही मुद्दाम काही पुसलं नव्हतं. पण यंत्र सुरू होताना फ्लॉपीचा जो पहिला तुकडा वाचतं तिथं तो आपलं बिऱ्हाड थाटी, आणि काही खेळ त्याच तुकड्यात आपली किल्ली ठेवत. ते खेळ कायमचे गेले. पोरानं खाऊचे पैसे साठवून घेतलेला खेळ. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं! १९८८ साली मॅकिंटॉशवर एक व्हायरस आला, त्यात सबंध जगाला शांततेचा संदेश होता. दोन मार्चला संदेश दाखवायचा आणि स्वतःला पुसून टाकायचं, इतका सात्त्विक. तो शिरला कुठं, तर ऑल्डस कंपनीच्या सीलबंद विकायच्या डिस्कांत. लोकांनी दाम मोजून, सील फोडून शांतता विकत घेतली. दुसऱ्याच्या यंत्रात न विचारता घुसायचं आणि आत काय मोडलं याची जबाबदारी घ्यायची नाही, याला गोड म्हणायचं असेल तर आमच्या वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरूही गोड आहेत. त्यांचंही पाणी मुद्दाम झिरपत नाही.

परवा भाच्याला अण्णांचं सांगितलं तेव्हा तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, त्या डब्यातल्या फ्लॉप्यांत अजून आहेत. गेल्या महिन्यात जर्मनीहून आलेल्या फ्लॉपीत एससीए जिवंत निघाला." म्हणजे कमोडोर कंपनी १९९४ साली बुडाली, यंत्रं अडगळीत गेली, लिहिणारी पोरं आजोबा व्हायला आली, आणि व्हायरस मात्र कुणीतरी फ्लॉपी आत घालील म्हणून वाट बघत बसला आहे. त्यानं आता नव्या आलेल्या प्रत्येक फ्लॉपीची प्लॅस्टिकची कडी आधी सरकवायचं ठरवलं आहे. भाच्यापुरतं भांडण मिटलं.

नाना राहिले. आणि नाना राहिले याचं कारण त्यांच्या बाजूनंही थोडं बोलता येतं. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर फिरला, ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांची कामं अडली. सगळे एक्सपीच्या नावानं ओरडत होते, कारण मायक्रोसॉफ्टनं २०१४ सालीच तिचा हात सोडला होता. पुढं तपासात दिसलं की लागण बहुतेक विंडोज-सात वाल्यांना झाली. एक्सपीला हा व्हायरस धड लागतच नव्हता. शिरू गेला की ती निळा पडदा दाखवून बेशुद्ध पडायची. हे मी प्रामाणिकपणे नानांना सांगितलं. ते म्हणाले, "बघा!" मी म्हटलं, "नाना, रोग लागायच्या आत रोगी बेशुद्ध पडला, याला प्रकृती ठणठणीत म्हणत नाहीत."

त्याच वर्षी जूनच्या २७ तारखेला दुसरा व्हायरस सुटला, 'नॉटपेट्या'. सुटला युक्रेनमध्ये, तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. मारायचं होतं युक्रेनला. पण त्यात मर्स्क ही जहाजांची कंपनी सापडली, आणि तिच्याबरोबर आमच्या न्हावा शेवाच्या बंदरातलं एक टर्मिनल बंद पडलं. कंटेनर अडकले, ट्रक खोळंबले. न्हावा शेवाला कोण विचारत होतं? कुणीही नाही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याच्या डोक्यात नारळ बसतो तसं झालं.

आणि काळ्या डब्याचं तर विचारूच नका. २०१६ साली अमेरिकेत तीन विशीतल्या पोरांनी 'मिराई' लिहिला. कशासाठी? 'माइनक्राफ्ट' नावाचा एक खेळ आहे, माझा नातू त्यात दिवसभर ठोकळ्यांची घरं बांधतो, त्या खेळाचे सर्व्हर पाडायसाठी. मिराईला बँका नको होत्या, मोठे संगणक नको होते. त्याला हवे होते कॅमेरे, कॅमेऱ्यांचे डबे आणि घरोघरचे राउटर, कारण त्यांच्याकडे कुणी बघत नाही. त्याच्या खिशात साधारण साठ नाव-पासवर्डांची जोडी होती, सगळे कारखान्यातून आलेले. तो इंटरनेटवर येईल त्या पत्त्याचं दार ठोठावी आणि त्यांतल्या काही किल्ल्या लावून बघे. उघडलं की डबा त्याचा, आणि मग तो डबा पुढची दारं ठोठावायला लागे. लिहिणाऱ्यांनी तो उघड करून टाकला, तो दुसऱ्यांच्या हाती गेला, आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला अशा डब्यांच्या फौजेनं डिन नावाच्या कंपनीवर इतका मारा केला की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स उघडेनात. पुढल्या वर्षी त्या तिघांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. डबे मात्र आपापल्या फळ्यांवर होते, त्यांना कुणी काही बोललं नाही.

म्हणून नानांना माझं म्हणणं एवढंच होतं. आपल्या डब्यात काय आहे हे त्याला नकोच आहे. तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं त्यानं बघितलेलंसुद्धा नाही. त्याला डबा हवाय. रात्री सगळे झोपल्यावर आपला डबा दुसऱ्याच्या घरावर दगड मारायला जातो आणि सकाळी येऊन झेंडूचं फूल घेऊन बसतो, असं झालं तर? आणि "कोण विचारतंय" म्हणता, तर दिवसरात्र विचारतंय. त्याला निवड करायचीच नाही. तो सगळ्यांना विचारतो. मिराईच्या भरात तर असा उघडा डबा लावल्यावर काही मिनिटांत पाहुणा हजर व्हायचा. यंत्र बंद करून चालू केलं की तो जायचा, कारण तो नुसता स्मृतीत राहायचा. पण पासवर्ड तोच असला की पुन्हा तितक्याच वेळात परत.

हे मी नानांना त्यांच्या घरी जाऊन, दोन कप चहा घेत सांगितलं. अण्णांचंही सांगितलं. नाना बँकेत होते, न घेतलेल्या रजेचा पुरावा मागणारी माणसं त्यांनी पाहिली होती. ते बराच वेळ कप हातात धरून बसले. मग म्हणाले, "अण्णांच्या दोन खोल्या गेल्या म्हणता?" मी म्हटलं, "गेल्या." ते म्हणाले, "आणतो विषय."

आणि खरोखर आणला. पुढल्या बैठकीत पहिल्या क्रमांकावर, वड्यांच्या पुष्कळ आधी. ठराव एकमतानं मंजूर झाला. भिंतीवरचे आकडे वॉचमनकडून चुन्यानं पुसून घेतले. नवीन पासवर्ड चांगला लांबलचक, अक्षरं, आकडे, मधे एक चिन्ह, असा नानांनी स्वतः तयार केला. मी त्यांचे जाहीर आभार मानले.

काल दूध आणायला खाली उतरलो, तर लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर बैठकीचं इतिवृत्त लावलेलं. टाइप केलेलं, खाली नानांची सही आणि सोसायटीचा गोल शिक्का. ठराव क्रमांक एक. सीसीटीव्हीचा पासवर्ड बदलण्यात आला असून तो पुढीलप्रमाणे आहे. आणि पुढं तो पासवर्ड, ठळक अक्षरांत, चिन्हासकट.

मी तसाच वर गेलो. नानांनी दार उघडलं, ऐकून घेतलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून समजुतीच्या स्वरात म्हणाले, "जोशी, आपल्या नोटीस बोर्डाला कोण वाचतंय?"